तिकिटावरची पाचवी जागा

मारेन श्वेंकला एकटीने जायचं होतं. सगळ्या गोष्टीचं मूळ एवढंच, आणि हे मूळ तिच्या बाबांनी पहिल्याच संध्याकाळी उपटून कुंडीबाहेर टाकलं.

जायचं होतं बोडेन सरोवराच्या काठी, वोल्पर्ट नावाच्या होड्या बांधणाऱ्या गृहस्थाकडे. हा वोल्पर्ट दर वर्षी एकच शिकाऊ उमेदवार घेतो. फोनवर तो म्हणाला होता, "सुट्टीतल्या बुधवारी दुपारी दोनला या. लाकूड हातात देऊन बघतो. उशिरा येणाऱ्यांना मी लाकूड देत नाही." मारेन सोळा वर्षांत पहिल्यांदाच एका अनोळखी माणसाशी आवाज न कापता बोलली होती. फोन ठेवल्यावर तिने आरशासमोर उभं राहून स्वतःला "श्वेंकबाई" अशी हाक मारून बघितली. शोभली. वर्गातल्या निम्म्या मुलांना अजून पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं, आणि श्वेंकबाईंना मात्र होड्या बांधायच्या होत्या. दुसरं काहीही नाही.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "मी सकाळच्या जलद गाडीने जाईन. एकटी."

 श्वेंकांच्या घरात 'जलद गाडी' हा शब्द उच्चारत नसत. बाबा नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात होते आणि गावाचं पाणी कुठे वाया जातं ते शोधून काढणं हा त्यांचा धंदा होता. हा धंदा ते घरीही आणत. त्यांनी काटा खाली ठेवला.

"प्रांताचं तिकीट काढू," ते म्हणाले.

हे तिकीट म्हणजे आमच्या भागातल्या सभ्य माणसाचा अभिमान. एका कागदावर पाच माणसं, दिवसभर हवं तिथे हिंडा. फक्त साध्या गाड्यांनी, आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी नाही. पहिल्या माणसाला बरेच पैसे पडतात, मग पुढच्या प्रत्येक माणसामागे अगदी थोडे वाढतात.

"म्हणजे आपण जितके जास्त जाऊ, तितके जास्त पैसे वाचतात," बाबा म्हणाले.

"पण मी एकटी गेले तर सगळ्यात कमी लागतात."

"लागतात कमी. पण वाचत काहीच नाहीत."

मारेनने या वाक्यावर पुष्कळ विचार केला. यात कुठेतरी चूक होती, पण नेमकी कुठे ते सापडेपर्यंत आईने बटाट्याचं सॅलड किती किलो करायचं ते ठरवूनही टाकलं होतं, आणि बहिरेपणाचा सोयीने वापर करणारे आजोबा "सरोवर" हा एकच शब्द ऐकून पोहायची चड्डी शोधायला उठले होते. बाबांच्या हिशेबाने आता घरी बसलेला प्रत्येक माणूस म्हणजे तोटा होता.

चार जण झाले. तिकीट पाच जणांचं. झालं, बाबांची झोप उडाली. मोकळी पाचवी जागा त्यांच्या डोळ्यांसमोर ठिबकणाऱ्या नळासारखी दिसू लागली.

त्यांनी जिन्यात चिठ्ठी लावली: 'बुधवारी सरोवराकडे. एक जागा आहे. सभ्य व्यक्तीस प्राधान्य.' चिठ्ठी लागल्याबरोबर सगळी इमारत सल्ला द्यायला खाली उतरली, प्रवासाला मात्र कुणीच तयार नव्हतं. तळमजल्यावरचे बिंडरकाका म्हणाले, "नऊचं जपा हं. माझ्या मेव्हण्याला नऊला चार मिनिटं असताना पकडलं होतं. बिचारा त्यानंतर रेल्वेतच बसला नाही." दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने, सगळ्यांची नावं तिकिटावर पेनने लिहा, पेन्सिलने लिहिलंत तर खोडता येतं असा संशय घेतात, अशी माहिती पुरवली. बाबांनी दोन्ही सल्ले मनावर घेतले. पहिला जरा जास्तच.

आणि मंगळवारी संध्याकाळी, वरच्या मजल्यावरच्या हेफेलेबाई आल्या.

आईच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. आई आणि हेफेलेबाई गेली तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आमच्याकडे जिना धुण्याची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. आईने एकदा पाळी पुरी करून पाटी हेफेलेबाईंच्या दारावर लावली, आणि हेफेलेबाईंनी जिन्याच्या कठड्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवून, बोटाकडे बघून, पाटी परत आईच्या दारावर आणून लावली. शब्द एकही नाही. त्या दिवसापासून या दोघींमधला सगळा व्यवहार त्या पाटीमार्फत चाले.

"जागा अजून आहे का हो, श्वेंकसाहेब?" हेफेलेबाईंनी विचारलं.

"नाही," आतून आई म्हणाली.

"आहे," बाबा म्हणाले. "पेनने नाव लिहून टाकतो."

मारेन आपल्या खोलीत गेली आणि उशीत तोंड खुपसून म्हणाली, "मी नोकरी मागायला चाललेय की वरात घेऊन?" उशीने उत्तर दिलं नाही. नाही तरी त्या घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं.

बुधवारी नऊची गाडी पकडायला बाबांनी सगळ्यांना इतक्या लवकर फलाटावर आणून उभं केलं की तिथे आधीची गाडी अजून उभी होती. आईजवळ सॅलडचा झाकणवाला डबा, जवळजवळ बादलीच. हेफेलेबाईंकडे चाकांची पिशवी. आजोबा उभं राहून कंटाळले, समोर गाडीचं दार उघडं दिसलं, आत गादी दिसली, ते जाऊन बसले.

"अप्पा, ती आपली गाडी नव्हे," बाबा ओरडले आणि त्यांना काढायला आत गेले. आजोबा खिडकीला टेकून बूट काढत होते. आई बाबांच्या मदतीला गेली. आई काय करते ते बघायला हेफेलेबाई गेल्या. मारेन शेवटी आत गेली, आणि तिच्या पाठीमागे दार मिटलं.

गाडी सुटली. नऊ वाजायला अजून दहा मिनिटं होती.

बाबांच्या चेहऱ्याचा रंग सॅलडसारखा झाला. हा माणूस मध्यरात्री निर्मनुष्य चौकातसुद्धा लाल दिवा असला तर उभा राहतो. त्यांनी टाय सैल केला आणि पुटपुटले, "आपण विनातिकीट आहोत. पाचच्या पाच."

"अरे एकहार्ट, डब्यात कुत्रंसुद्धा नाही तपासायला," आजोबा म्हणाले. आता त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"तपासायला कुणी नाही म्हणून काय झालं?"

"बाबा, प्लीज," मारेन म्हणाली. "दहा मिनिटांचा प्रश्न आहे. उलट आपण लवकर पोचू."

"बेकायदा लवकर पोचू."

"मग पोचू की."

"मारेन," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता नुसतं दुःख होतं, "आपण श्वेंक आहोत."

पुढच्या थांब्यावर त्यांनी सगळ्यांना उतरवलं. तो थांबा म्हणजे एका शेताच्या कडेला टाकलेला फळीएवढा फलाट होता. एक बाक, एक कुंपण, कुंपणापलीकडे बकऱ्या. नऊची गाडी तिथे थांबतच नव्हती, हे कुंपणावरच्या वेळापत्रकाने फार शांतपणे सांगितलं. दहाची थांबत होती.

हेफेलेबाईंनी रुमालाने बाक पुसला. अर्धाच. स्वतःपुरता. आई ताठ मानेने न पुसलेल्या अर्ध्यावर बसली. मग नऊची गाडी त्यांच्या टोप्या उडवत धडधडत निघून गेली आणि बाबांनी घड्याळात बघून सुटकेचा श्वास सोडला.

"नऊ वाजून गेले. आता आपण कायदेशीर आहोत."

एका बकरीने त्यांच्याकडे बघितलं. मारेनला ती बकरी फार समजूतदार वाटली. तिने मनातल्या मनात आकडेमोड केली: दहाची मिळाली आणि पुढे काही बिघडलं नाही, तर दोनला पाच-दहा मिनिटं असताना दारात. म्हणजे आता काहीही बिघडता कामा नये. पाच जणांत, त्यातले एक आजोबा.

दहाची गाडी आली. आता या गाडीची एक गंमत आहे. ती एक गाडी नसतेच. दोन गाड्या एकमेकींच्या शेपटीला धरून येतात, आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. आउलबाख स्टेशनात त्या एकमेकींपासून सुटतात. पुढची सरोवराकडे जाते, मागची डोंगरात. बकऱ्यांच्या थांब्याचा फलाट इतका आखूड की पुढच्या गाडीचं दार शेतात उघडलं असतं, म्हणून सगळे मागे चढले. "आउलबाखला उतरायचं आणि पुढे पळायचं," बाबांनी हुकूम सोडला. "दोन वेळा सांगतो, कुणी बूट काढायचे नाहीत."

आउलबाख आलं तेव्हा आजोबा झोपले होते. बूट काढून.

"तू पुढे हो," आई म्हणाली, "दार धरून ठेव." मारेन पळाली. सबंध फलाट पळाली, पुढच्या गाडीत उडी मारली आणि दारात पाय घालून उभी राहिली. चाकांची पिशवी खडखडवत हेफेलेबाई तिच्यामागून आल्या. या वयात त्या एवढ्या पळतील असं कुणाला वाटलं नसतं. दूर मागे बाबा गुडघे टेकून आजोबांच्या पायात बूट कोंबत होते, आई सॅलडचा डबा कवटाळून धापा टाकत येत होती.

तेवढ्यात गाडीतल्या भोंग्यातून आवाज आला: "तिसऱ्या दारातल्या तरुणीने कृपया पाय आत घ्यावा. सगळ्यांचा खोळंबा होत आहे."

सबंध डबा मारेनच्या पायाकडे बघू लागला. मारेनने निश्चय केला की पाय काढायचा नाही. पण आपल्याकडची मुलगी; लहानपणापासूनचं वळण. निश्चय तसाच राहिला आणि पाय आपोआप आत आला.

दार मिटलं. काचेपलीकडून आई, बाबा आणि एका बुटातले आजोबा मागे सरकत गेले.

फोन वाजला.

"मारेन, तिकीट माझ्याकडे आहे."

"माहीत आहे, बाबा."

"म्हणजे तुम्ही दोघी विनातिकीट."

"तेही माहीत आहे."

"पुढच्या स्टेशनवर उतरा. आम्ही यानंतरच्या गाडीने येतो, मग सगळे मिळून…"

"नाही," मारेन म्हणाली.

हा शब्द इतक्या सहज बाहेर पडला की तिचा तिलाच विश्वास बसेना. समोर हेफेलेबाईंनी भुवया वर केल्या.

"मी उतरणार नाही. उतरले तर दोन वाजून जातील आणि तो मला लाकूड देणार नाही. तपासनिसाला मी स्वतः शोधून काढते आणि खरं काय ते सांगते. पण गाडीतून उतरणार नाही."

 मग बाबा म्हणाले, "आधी नमस्कार कर. मग सांग." आणि फोन बंद झाला.

तपासनीस बाई दुसऱ्या डब्यात कॉफी पीत होत्या. स्वतःहून पकडून घ्यायला आलेला प्रवासी त्यांनी फारसा पाहिला नसावा. सगळी कथा त्यांनी ऐकून घेतली, बकऱ्यांसकट, आणि म्हणाल्या, "नवीन तिकीट देते. दंड राहू दे. दोघींचं ना?"

मारेनने पाकीट उघडलं. त्यात फक्त एक ब्रेत्सेल, म्हणजे पावाचा खारा वेढा, घेण्यापुरते पैसे होते. तेव्हा हेफेलेबाईंनी आपल्या पिशवीतून एक पाकीट काढलं, त्यातून दुसरं पाकीट काढलं, आणि डोळे मिटून विचारलं, "पाच जणांचं घेतलं तर माणशी किती कमी पडतं?"

"पण आपण दोघीच आहोत, हेफेलेबाई," मारेन म्हणाली.

"आत्ता आहोत."

पुढच्या स्टेशनवर गाडी थांबली तशा हेफेलेबाई दारातून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि तिकिटाच्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या लोकांना म्हणाल्या, "सरोवराकडे कोण आहे? पैसे घालू नका त्यात. इकडे या, आमच्याकडे तीन जागा आहेत."

अशा रीतीने दोन म्हाताऱ्या बहिणी, दोघींच्या अंगात सारखेच निळे रेनकोट, आणि मासे पकडायचा गळ घेतलेला एक अबोल गृहस्थ तिकिटावर आले. पेनने. हेफेलेबाईंनी आपला वाटा सोडून उरलेले पैसे चोख वसूल केले, मारेनच्या वाट्याचं बोलणं निघालं तेव्हा मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काचा किती घाण ठेवतात बघ." आणि दोन्ही पाकिटं पिशवीत ठेवून दिली.

मारेनने सगळ्यांना नमस्कार केला आणि मनाशी ठरवलं: स्टेशनवर उतरायचं, आभार मानायचे, आणि एकटीने पळत सुटायचं.

"तुमच्या नातीची परीक्षा आहे म्हणता?" रेनकोटवाल्या थोरलीने विचारलं.

"आहे," हेफेलेबाई म्हणाल्या. नात नव्हे असं सांगायला त्यांना सुचलं नसावं.

"मग तिला असं अर्ध्यावर टाकून कसं जायचं?" धाकटी म्हणाली. गळवाल्याने मान हलवली.

गाडी उशिरा पोचली. मारेन पळत सुटली, पण ती एकटी नव्हती. दोन वाजून दहा मिनिटांनी ती वोल्पर्टच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्यामागे एक चाकांची पिशवी, दोन रेनकोट आणि एक गळ धापा टाकत होता.

वोल्पर्ट म्हणजे झाडाच्या बुंध्याला कानावर पेन्सिल अडकवली तर जसं दिसेल तसा माणूस. त्याने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"मी एका मुलीला बोलावलं होतं. दोनला."

"हो," मारेन म्हणाली. तिने वाटेत तीन वेगवेगळ्या सबबी तयार केल्या होत्या; एकीत पूर होता. पण आत तासलेल्या लाकडाचा असा वास येत होता की तिला पूर आठवेना. तिने जे झालं ते सांगितलं.

"थांब," वोल्पर्ट मध्येच म्हणाला. "दहा मिनिटं आधी गाडीत बसलात म्हणून उतरलात?"

"बाबांनी उतरवलं."

"तपासायला कोण होतं?"

"कुणीच नाही."

"आणि कुणी येण्यासारखंही नव्हतं?"

"नव्हतं. तरी उतरलो. एक तास बकऱ्यांपाशी बसलो." मारेनचे कान लाल झाले होते. मग ती हनुवटी वर करून म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, नको. पण ते तसे आहेत. आणि ते चूक आहेत असं मला आतून म्हणता येत नाही."

 वोल्पर्टने एक फळी काढली, बाकावर ठेवली आणि रंधा तिच्या हातात दिला. लाकूड मिळालं.

मारेनने रंधा मारला. पहिला हात बरा गेला. दुसऱ्याला रंधा अडकला आणि फळीत खळगा पडला. तिने थांबून फळी उलटी केली, रेषा कुठल्या बाजूला वाहतात ते बघितलं आणि दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. मागे खरखर ऐकू येत होती. हेफेलेबाईंना कोपऱ्यात झाडू सापडला होता. त्या भुसा गोळा करत होत्या, बाकांच्या खालून, होडीच्या खालून.

"या बाईपण उमेदवार आहेत का?" वोल्पर्टने विचारलं.

"नाही. त्या आमच्या तिकिटावर आहेत."

"हं." तो होडीखाली वाकून बघत राहिला. "तिथे पाच वर्षांत कुणी हात घातला नव्हता."

तासाभराने उरलेलं कुटुंब आलं. बाबा टाय सरळ करून दारातच थबकले. त्यांना वाटलं होतं की आता काकुळतीला यावं लागेल. त्यांनी वाटेत भाषण तयार केलं होतं. वोल्पर्टने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तुम्हीच का ते, उतरणारे?"

"चूक माझी होती, साहेब. मुलीची नव्हे."

"होडीचा तळ पाण्याखाली असतो," वोल्पर्ट म्हणाला. "तिथला जोड कसा घातलाय ते बघायला कुणी येत नाही. मला अशा घरची माणसं लागतात." मग त्याला आपण फार बोललो असं वाटलं असावं, कारण तो फळीतल्या खळग्याकडे वळून गुरगुरला, "हात कच्चा आहे. ऑगस्टमध्ये आठवडाभर ये, मग बघू. दोन म्हणजे दोन. आणि एकटी ये."

आईने सगळ्यांना सॅलड वाढलं; रेनकोटवाल्या बहिणींनी दोनदा घेतलं, गळवाल्याने तीनदा, आणि पहिल्यांदाच बोलला: "उत्तम." हेफेलेबाईंपाशी आली तेव्हा आई क्षणभर अडखळली. आउलबाखच्या पुढे काय झालं ते मारेनने तिला सांगितलं होतं.

"कठड्याची खालची बाजू," आई म्हणाली, "पुढच्या पाळीला पुसेन मी."

"पुसाच असं काही नाही," हेफेलेबाई म्हणाल्या. मग प्रामाणिकपणे, "म्हणजे पुसलीत तर बरं."

परतीच्या फलाटावर ऊन उतरलं होतं. आजोबा पोहून आले होते आणि समाधानाने ठिबकत होते. मारेनचे पाय जमिनीला लागत नव्हते. ती फलाटाच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई.  बाजूच्या रुळावर जलद गाडी आली, लांबलचक, पांढरी, आणि तेवढ्याच रुबाबात निघून गेली. बाबा तिच्या शेवटच्या डब्याकडे बघत राहिले.

"ऑगस्टमध्ये कसं करायचं, याचा विचार करतोय," ते म्हणाले.

मारेन येरझाऱ्या थांबवून उभी राहिली. बाबांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसत होता. पाच जणांचा, आठवडाभराचा.

"तू असं कर," बाबा म्हणाले, "तू या गाडीने जा. जलद. म्हणजे वेळेवर पोचशील."

"आणि तुम्ही सगळे?"

"आम्ही घरी." त्यांनी टाय सैल केला. "एकटीचंच तिकीट काढू. पडलं महाग तर पडलं."

 आई बघत राहिली, हेफेलेबाईंनी चाकांच्या पिशवीचा आधार घेतला. आजोबा ओले बूट फटफटवत आले आणि त्यांनी काही न विचारता आपल्या मुलाच्या कपाळाला हात लावून बघितला.